कीबोर्डवरचे कुंकू

१

माझी धाकटी मुलगी कांचन लग्न होऊन डभोईला गेली ते वर्ष २००६. तिच्या लग्नात माझ्या मित्राने, विश्वंभरने, मांडवभर फिरून अक्षता वाटल्या होत्या. पहिल्या दसऱ्याला ती माहेरी आली, आणि त्याच सकाळी विश्वंभर मला त्याच्या खोलीत जमिनीवर पडलेला दिसला.

आमची सोसायटी प्रतापनगरच्या पुढे, डभोई रोडला. मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेलो, विश्वंभर एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेतून. रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, हा माझा नेम. पन्नाशी उलटल्यावर त्यानेच मला अक्षरे शिकवली होती. मी चुकीचे वाचले की तो बोलायचा नाही, हातातला चहाचा कप खाली ठेवायचा. मी परत वाचायचो. बरोबर आले की कप उचलायचा.

त्या दिवशी त्याची बायको, निरुपमावहिनी, स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "लक्ष्मणभाऊ, तुम्हीच बघा आत. मघापासून हाका मारतेय, ओ देत नाहीत. त्या मशीनपुढे बसले की कान बंद."

मी दार लोटले. विश्वंभर खुर्चीशेजारी कुशीवर पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात ओंडक्यासारखा. डोळे मात्र उघडे होते आणि मला ओळखत होते.

मी ओरडलो. वहिनी झारा हातात घेऊनच धावत आल्या. मागून नील आला. नील म्हणजे विश्वंभरचा पुतण्या, काँप्युटरचा इंजिनीयर, नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहणारा. त्याने काकांचे डोके मांडीवर घेतले, आणि मग त्याची नजर वर टेबलाकडे गेली.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. पूजा अजून मांडलेलीच होती. स्क्रीनला झेंडूचा हार, कीबोर्डवर ओल्या कुंकवाने काढलेले मोठे स्वस्तिक, वर अक्षता, खालच्या लांब कळेवर विड्याचे पान आणि सुपारी. माऊसवरचे फूल तेवढे उचलून बाजूला ठेवलेले. स्क्रीन चालू होती. तिच्यावर विश्वंभरच्या नावाने गेलेला एक मेल उघडा होता, आणि मेलवर एक छोटी चौकट, 'कायमचा पुसायचा का?' विचारणारी. हो किंवा नाही, उत्तराची वाट बघत थांबलेली.

"हे काय आहे?" मी विचारले.

नीलने वाचले. त्याचा चेहरा उतरला. त्याने हात लांबवून माऊसने 'नाही' केले आणि स्क्रीन बंद केली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "निरुपमाबेन, लो तमारी थाळी! गरम जलेबी छे हं." शेजारच्या धवलची आई, जिला सगळी सोसायटी बा म्हणायची, फाफडा-जिलेबीने भरलेली स्टीलची थाळी घेऊन उभी होती. खोलीत बघितले आणि ती "हाय हाय, आ शुं थयुं!" म्हणत भिंतीला टेकली. थाळी कुणीतरी तिच्या हातातून घेऊन फ्रिजवर ठेवली.

वहिनींचे भाऊ जगदेवराव समोरच्या ओळीत राहायचे. त्यांनी गाडी आणली. मी मागच्या सीटवर विश्वंभरचे पाय धरून बसलो. गाडी चालवताना जगदेवराव पुढे बघूनच म्हणाले, "दैव बघा, लक्ष्मणराव. काल कुठे शहाणपण सुचलं होतं माणसाला. साक्ष मागे घेतली, मोकळा झाला, आणि आज हे."

त्या मेलमध्ये काय होते ते एकट्या नीलने वाचले होते, आणि तो एक अक्षरही बोलला नव्हता.

२

साक्षीचे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही.

करजणकडच्या काही गावांच्या विहिरींना पिवळे पाणी येऊ लागले होते. गुरे दगावली, मग एका घरातली दोन पोरे. विश्वंभर ज्या कारखान्यात होता त्याचेच सांडपाणी जमिनीत मुरत होते. निवृत्तीनंतर त्याने स्वतः जाऊन विहिरींचे नमुने तपासले आणि चौकशी समितीला लेखी कळवले. सोळा ऑक्टोबरला समितीपुढे त्याची साक्ष व्हायची होती. कारखान्यातला दुसरा कोणी बोलायला तयार नव्हता. तो मागे हटला तर गावांच्या हातात फक्त पिवळे पाणी उरणार होते.

मेल पाठवणारा सर्व्हरही त्यापायीच विश्वंभरच्या घरात आला. नोकरीत असताना ऑफिसमधून पाठवलेले त्याचे मेल नाहीसे व्हायचे. "माझं टपाल माझ्या घरून जाईल, आणि गेलेल्या प्रत्येक मेलची प्रत घरात राहील," असे त्याने ठरवले. नीलने एका जुन्या काँप्युटरचा सर्व्हर केला. पहिल्या आठवड्यात सगळे मेल परत आले. घरगुती लाइनवरून थेट आलेला मेल मोठे सर्व्हर घेत नाहीत, त्यांना तो भामट्याचा वाटतो. मग नीलने रिले लावला. म्हणजे घरचा सर्व्हर मेल गोळा करी, प्रत ठेवून घेई, आणि पुढे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या सर्व्हरकडे सोपवी. तो ओळखीचा, म्हणून त्याने दिलेला मेल सगळे घेत. आळीतल्या पत्रांची थैली एका माणसाने मोठ्या पोस्टात नेऊन द्यावी, तसे. पहिला मेल पोचला त्या दिवशी विश्वंभरने सगळ्या ओळीला शेव-उसळ खिलवली होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी दवाखान्यात मोहना आली. ती दांडिया बाजारची, वकील, गावांच्या बाजूने उभी राहिलेली. तिच्या हातात एक कागद होता.

"समितीला नवमीच्या दुपारी हा मेल गेलाय, काका. ऐका. 'मी घेतलेले नमुने सदोष होते. माझे निवेदन मी मागे घेत आहे. मला साक्षीला बोलावू नये.' खाली विश्वंभरकाकांचं नाव. त्यांच्याच घरच्या सर्व्हरवरून गेलाय, ते मी खात्री करून घेतलंय."

"तो असं लिहिणार नाही," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मी त्याला ओळखतो."

"ओळख समितीपुढे चालत नाही, काका." ती माझ्या शेजारी बाकावर बसली. "खरं सांगू? मलाही वाटतंय की त्यांनीच लिहिला. माणूस थकतो. आणि नील सांगत होता, सकाळी ते तोच मेल पुसत होते. स्वतःचीच लाज वाटली असेल."

आत विश्वंभर छताकडे बघत पडला होता. त्याला ऐकू येत होते, कळत होते. बोलता येत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. तो गेला असता तर तो कागद त्याचा शेवटचा शब्द ठरणार होता.

"एकदा ते टेबल बघ," मी म्हणालो. "मग काय ते बोल."

मोहनाने तिची स्कूटी काढली. मी या वयात पहिल्यांदाच एका बाईच्या मागे बसलो.

घरी कोणी काही हलवले नव्हते. मी तिला नवमीच्या पूजेचे सांगितले. आम्ही वर्कशॉपमध्ये जन्मभर तेच केले. खंडेनवमीला हत्यारे धुवायची, पुजायची, आणि दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्यांना कामासाठी शिवायचे नाही. विश्वंभर देवाधर्मावर हसणारा माणूस, पण हा दिवस पाळायचा. पूर्वी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांना हार घालायचा, आता सर्व्हरला. स्वस्तिक काढताना वहिनी ओरडल्या होत्या, "अहो, कीबोर्ड खराब होईल!" तो म्हणाला होता, "होऊ दे. वर्षातून एक दिवस त्यालाही कपाळ असू दे."

"पूजा कधी झाली?"

"सकाळीच. मी अक्षता वाहिल्या."

"आणि मेल दुपारचा." मोहनाने बॅटरी पेटवून कीबोर्डवर आडवी धरली आणि कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. "काका, इकडे या. हात लावू नका."

कुंकू वाळून कडक झाले होते. त्याचा पापुद्रा एका कळेवरून दुसरीवर, मधली फट ओलांडून गेला होता. कुठे बारीकशीही चीर नव्हती. विड्याचे पान सुकून खालच्या कळेला चिकटले होते.

"एक कळ दाबली असती तरी हा पापुद्रा फुटला असता," ती हळू म्हणाली. "तुटलेलं कुंकू परत असं जोडता येत नाही. मेल वाचायला माऊस पुरतो, पुसायलाही पुरतो. लिहायला हे लागतं. इथे नवमीच्या पूजेनंतर कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही."

माझ्या छातीवरचे ओझे उतरले. पण ती वळून त्या घरघरणाऱ्या पेटीकडे बघत होती.

"मग हा मेल या घरातून गेला कसा?"

३

नीलला तिने तिथेच, त्या खोलीत विचारले. तो उभाच राहिला.

"या सर्व्हरकडे मेल कोण देऊ शकतं?"

"घरातले. बाहेरच्यांना तो हाकलून देतो. मी तसंच लावलंय."

"घरातले हे त्याला कसं कळतं?"

"प्रत्येक काँप्युटरला नंबर असतो. आपल्या वायरवरचे नंबर असले की तो पासवर्डही विचारत नाही, मेल घेतो..." नील बोलता बोलता थांबला. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं?"

"आपली वायर म्हणजे धवलची वायर. इंटरनेट तोच देतो ना, त्याच्या गच्चीवरून. एकच वायर सगळीकडे फिरवलीय. मी सर्व्हरला सांगितलं की या वायरवरचे सगळे घरातले."

"म्हणजे सोसायटीच घरातली?"

"ज्यांनी धवलकडून कनेक्शन घेतलंय ती सगळी घरं." त्याचा आवाज खाली गेला. "माझ्या डोक्यातच आलं नाही, मोहनाताई. रोज सगळ्यांच्या घरात जा-ये. बाहेरचे म्हणजे मला अमेरिकेतले चोर वाटले."

"कुठल्या घरातून आला, त्याचा नंबर?"

"आहे, पण उपयोग नाही. धवलची पेटी रोज नंबर बदलून वाटते. कालचा नंबर आज दुसऱ्याकडे."

मोहनाने त्याच्याकडे रोखून बघितले. "तुझी कंपनी काकांच्या जुन्या कारखान्याचं काम करते. खरं ना?"

"करते. साहेब टोमणे मारतात. 'तुझे काका आमचं गिऱ्हाईक बुडवणार.'" तो चिडला. "मला मेल पाठवायचाच असता तर अशी खूण ठेवली असती का? प्रत राहते ते मलाच माहीत. मीच लावलीय."

"प्रत राहते ते आणखी कोणाला माहीत होतं?"

"काकांना. लक्ष्मणकाकांना सांगितलं असेल." तो जरा विचारात पडला. "काकूंना सर्व्हरमधलं काही कळत नाही. त्या काकांचे मेल टाईप करायच्या, बस. शाळेत टायपिंग शिकवायच्या ना त्या. काका बोलायचे, काकू लिहायच्या."

जाता जाता त्याने आणखी एक सांगितले. जूनमध्ये रिले लावल्यावर तो चालतो का हे तपासायला त्याने धवलच्या काँप्युटरवर विश्वंभरच्या नावाचे खाते उघडले होते. पुढे पावसाळ्यात विश्वंभरची स्क्रीन दुरुस्तीला गेली, तेव्हा आठवडाभर मेल तिकडूनच लिहिले गेले. ते खाते त्याने पुसले नव्हते.

"मग चला धवलकडे," मोहना म्हणाली. "पण आधी समोरच्या ओळीत. ज्यांना न वाचता मेल कळतो त्यांच्याकडे." जगदेवरावांचे गाडीतले बोलणे मी तिला सांगितले होते.

४

जगदेवराव त्याच कारखान्यात माणसांचे खाते बघत. आम्हाला बघून त्यांनी टीव्ही बंद केला नाही, आवाज कमी केला.

"मला कसं कळलं? अहो वकीलबाई, मेलची प्रत कारखान्यालाही गेली होती. नवमीच्या रात्री मोठ्या साहेबांचा फोन आला, 'जगदेवराव, तुमच्या मेव्हण्याला अक्कल आली.' एवढंच रहस्य. घ्या, सोनं घ्या." त्यांनी आपट्याची पाने पुढे केली. मोहनाने घेतली नाहीत.

"तुमच्याकडे काँप्युटर आहे?"

"मुलांचा. जा, बघा की. पूजा मीच बांधलीय."

आतल्या टेबलावर कीबोर्ड लाल फडक्यात गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवला होता. दोऱ्याच्या गाठीवर कुंकू लावलेले, गाठीसकट वाळलेले. सकाळच्या गडबडीत पूजा उचलायची राहून गेली होती.

"झालं समाधान?" जगदेवराव दारात उभे होते. "मी त्याचा दुश्मन नाही. कारखान्यातली माणसं माझ्या घरी येऊन बसून गेली. चहा प्यायली, आणि जाताना म्हणाली, तुमचे मेव्हणे या वयात स्कूटर चालवतात, हायवेला ट्रक फार असतात. मी काय करायचं? त्याच्याशी बोलून उपयोग नव्हता. मी निरूला सांगितलं. म्हटलं, कुंकू सांभाळायचं असेल तर नवऱ्याला आवर."

"कधी सांगितलंत?"

"नवमीच्या आदल्या दिवशी."

मी म्हणालो, "जगदेवराव, ही धमकी विश्वंभरला सांगायची होती, पोलिसांना सांगायची होती. तुम्ही ती बहिणीच्या पदरात टाकलीत."

"तुम्हाला बोलायला काय जातं," ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

धवल आपल्या गच्चीवर वायरी गुंडाळत होता. तीस-बत्तीस वर्षांचा, बोलघेवडा पोरगा, तोंडात मावा. "मोहनाबेन, मी तर नोमला, तुमच्या नवमीला, घरी होतोच नाही. सकाळपासून गरब्याचं साउंड लावायला मैदानात. काँप्युटर चालूच असतो, बा भजनं लावते. आम्हा गुजरात्यांत नोमला हत्याराला सुट्टी नसते, काम चालूच."

"कारखान्याच्या क्वार्टर्सना इंटरनेट द्यायचं काम तुला मिळणार होतं म्हणे."

"मिळवायचंय अजून." त्याने मावा थुंकला. "त्यासाठी विश्वंभरकाकांच्या नावानं खोटं लिहीन? मला इंग्रजीत बिल लिहिता येत नाही, बेन. काकाच लिहून देत होते."

खाली बा तांदूळ निवडत बसली होती. मोहनाने विचारले, नोमच्या दुपारी घरी कोण आले होते?

"कोई नथी आव्युं, दीकरा. आखो दिवस हूं एकली. बहारनुं कोई नहीं."

धवलच्या काँप्युटरवर विश्वंभरच्या नावाचे खाते तसेच होते. पावसाळ्यातले मेल तरी असायला हवे होते, पण पाठवलेल्या मेलांचा कप्पा रिकामा होता. कोणीतरी तो पुसून गेले होते. मेल इथूनच गेला होता. आणि बा शपथेवर सांगत होती की कोणी आले नाही.

५

आम्ही विश्वंभरच्या घरी परत आलो तेव्हा वहिनी दवाखान्यात होत्या. नीलने चहा टाकला. मोहना भिंतीला टेकून उभी होती. तिची नजर फ्रिजवर गेली.

"ही थाळी कोणाची?"

"आमचीच," नील म्हणाला. "काकूंचं नाव आहे बघा काठावर. बा सकाळी फाफडा-जिलेबी घेऊन आल्या तीच. कोणी खाल्ली नाही."

"तुमची थाळी बांकडे कशी?"

नीलने आणि मी एकमेकांकडे बघितले. उत्तर सोपे होते. नवमीचा नैवेद्य झाला की वहिनी एक थाळी बांकडे द्यायच्या, दरवर्षी. आणि शेजारणीची थाळी कोणी रिकामी परत पाठवत नाही, म्हणून बाने ती दसऱ्याला भरून आणली.

मोहना खुर्चीवर बसली. तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता.

"बा खोटं बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "बाहेरचं कोणी आलंच नाही. निरुपमाकाकू त्यांना बाहेरच्या वाटतच नाहीत. नीलने सर्व्हरला जे सांगितलं तेच बांनी मला सांगितलं. घरातला माणूस मोजलाच जात नाही."

"काय बोलतेस?" माझा आवाज चढला. "या घरात, या काँप्युटरपुढे वहिनी कधीही बसू शकत होत्या. कोणी संशयही घेतला नसता. दुसऱ्याच्या घरी कशाला जातील?"

"तेच मी स्वतःला विचारत होते. इथे बसून लिहायला कोणाला अडचण होती? परक्याला होती, तो इथे येऊच शकत नव्हता. पण ज्याला इथे येता येत होतं आणि तरी जो इथे बसला नाही, त्याला अडवणारी गोष्ट एकच होती. ती पूजा. विश्वंभरकाकांनी काढलेलं स्वस्तिक मोडून त्याच कीबोर्डवर त्यांच्याविरुद्ध लिहायचं, हे तिला जमलं नाही. कारखान्याच्या माणसाला ते सहज जमलं असतं."

नील म्हणाला, "पण ही सगळी अटकळ आहे."

"मग ती चौकट घे. कायमचा पुसायचा का? मघापर्यंत मला वाटत होतं, काका स्वतःची लाज पुसतायत. पण कुंकू सांगतंय की मेल त्यांनी लिहिलाच नाही. मग त्यांनी तो सकाळी पहिल्यांदा बघितला. आपल्या नावानं कोणीतरी खोटा मेल पाठवलाय. अशा वेळी माणूस काय करेल? ओरडेल, तुला बोलावेल, मला फोन करेल. तो मेल जिवापाड जपेल, कारण तोच पुरावा. आणि हा तर असा माणूस, ज्यानं प्रत्येक मेलची प्रत राहावी म्हणून घरात सर्व्हर आणला. त्यानं एकच प्रत पुसायला घेतली." ती थांबली. "परक्याला वाचवण्यासाठी कोणी असं करत नाही. त्यांना वाचल्याबरोबर कळलं होतं, हे कोणाचे शब्द आहेत. वर्षानुवर्षं त्यांची वाक्यं एकच व्यक्ती लिहीत होती."

दाराशी काहीतरी वाजले. वहिनी उभ्या होत्या. हातात दवाखान्यात नेलेला रिकामा डबा होता. किती ऐकले, ते विचारायची गरज नव्हती.

"पुसत होते?" त्या म्हणाल्या. "मला कोणी सांगितलं नाही."

नीलने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली, त्या बसल्या नाहीत.

"मला वाटलं, सोळा तारीख जाऊ दे. मग पाया पडून सांगीन, चार दिवस अबोला धरतील, धरू देत. स्कूटरवरून घरी तर येतील." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, झाकण सरळ केले. "थाळी देऊन बांच्या घरात बसले. बा आत वरणाला फोडणी देत होत्या. लिहिलं, पाठवलं, तिथला कप्पा पुसला. इकडे प्रत येते ते मला ठाऊक नव्हतं. पूजेतल्या मशीनला हात लावायचा धीर झाला नाही, मोहना. खोटं लिहायचा मात्र झाला."

"काकू, हे तुम्हाला समितीपुढे सांगावं लागेल. नाहीतर तो कागद खरा धरतील. सांगितलंत तर तुमच्यावर केस होऊ शकते, ते लपवणार नाही मी."

"आणि ते ट्रकवाले?" नील पटकन म्हणाला.

"तेही सांगावं लागेल. जगदेवरावांचं नाव घेऊन."

वहिनींनी डबा विसळून पालथा घातला. मग म्हणाल्या, "आधी त्यांना सांगते."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा वहिनी विश्वंभरला टेकवून बसवून चहा देत होत्या. कप त्याने डाव्या हातात धरला होता, खालून त्यांचा आधार. दोन घोट गेले होते.

"मेल मी लिहिला," त्या म्हणाल्या. प्रस्तावना नाही, रडणे नाही. "बांच्या घरून. जगूदादा म्हणाला, तुम्हाला मारतील. मी घाबरले."

विश्वंभरने त्यांच्याकडे बघितले. मला वाटले, डोळे मिटेल, भिंतीकडे वळेल. त्याने तसे काही केले नाही. त्याने कप त्यांच्या आधारातून सोडवून घेतला. चहा चादरीवर सांडला. शेजारच्या स्टुलावर त्याने कप खाली ठेवला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "काय म्हणतायत? नको झाला का चहा?"

त्यांना ती खूण माहीत असायचे कारण नव्हते. तो आमचा वाचायच्या वेळचा प्रकार.

"चुकलं, म्हणतोय," मी सांगितले. "परत वाचा, म्हणतोय. बरोबर आलं की उचलतो तो कप."

वहिनींनी पदराने चादरीवरचा चहा टिपला. "सोळा तारखेला वाचते," त्या त्याला म्हणाल्या. "तुम्ही तोवर थांबा."

त्याने डोळ्यांनी हो म्हटले, असे मला वाटले. मी त्याच्याशी सहमत होतो म्हणूनही वाटले असेल.

जगदेवराव मधल्या दिवसांत दोनदा येऊन बहिणीशी भांडून गेले. एकदा म्हणाले, तू माझी नोकरी घालवणार. वहिनी म्हणाल्या, "दादा, तू मला कुंकू सांभाळ म्हणालास. मी ते फार वाईट सांभाळलं." त्यानंतर ते आले नाहीत.

सोळा तारखेला वहिनी समितीपुढे उभ्या राहिल्या. घरात सुतक होते, नातेवाईक बाहेर पडू नका म्हणत होते. एका बाजूला मोहना होती, दुसऱ्या बाजूला बा, जिला एक शब्द इंग्रजी कळत नव्हते. नीलने सर्व्हरचे सगळे सांगितले, स्वतःची चूकही. मोहनाने काढून ठेवलेल्या फोटोतले, कीबोर्डवरचे ते न मोडलेले कुंकू समितीच्या साहेबांनी चष्मा वर करून बघितले. वहिनींनी सांगितले की मेल त्यांचा, शब्द त्यांचे, आणि नमुन्यांत काही खोट नव्हती. मग विश्वंभरचे मूळ निवेदन त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. एका ठिकाणी अडखळल्या, थांबल्या, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले.

समितीने निवेदन कागदोपत्री परत धरले. विहिरींचा निकाल लागायला पुढे वर्षे गेली, आणि तो पुरता आमच्या बाजूने लागला नाही. वहिनींवर केस झाली नाही. नीलने रिलेच्या यादीतून सगळी सोसायटी काढून टाकली.

विश्वंभरला दुसरा झटका आला, आणि शुक्रवार, १३ ऑक्टोबर २००६ रोजी सकाळी तो दवाखान्यात वारला. सुनावणीला तीन दिवस बाकी होते.